मोडनिंबचं मशीन

सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस सणापेक्षा मोठा, कारण सण निदान कॅलेंडरात छापलेला असतो. त्या शनिवारी सकाळी पाणी आलं आणि हलसंगींच्या घरातली माणसं आपापल्या जागी पळाली. गिरिजाबाई टाकीपाशी, त्यांचे यजमान ईश्वरप्पा पाइपापाशी, आणि सून अक्षता वॉशिंग मशीनपाशी. मुलगा गुरुराज कामावर गेला होता. अकरा महिन्यांची भुवी उंबऱ्याला धरून उभी होती आणि सगळ्यांवर देखरेख करत होती.

मशीन अक्षताच्या माहेरचं. बाळंतपणानंतर तिच्या वडिलांनी, मोडनिंबच्या बसलिंगप्पांनी, पाळण्याऐवजी हे धाडलं. पाळण्यात नात चार महिने झोपेल, लंगोट मात्र वर्षभर धुवावे लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते तंतोतंत खरं निघालं होतं. समोरून दार उघडणारं, गोल काचेचं, मोबाइलशी बोलणारं मशीन. काच बरोबर भुवीच्या डोळ्यांच्या उंचीला यायची. टीव्ही भिंतीवर फार वर होता, म्हणून ती हेच बघायची. आत लंगोट फिरायचे, बाहेर भुवीची मान फिरायची, आणि तेवढा वेळ अक्षताला दोन्ही हात मोकळे मिळायचे. या घरात तिला कुणी दिलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ते दोन मोकळे हात.

आता ईश्वरप्पांचं. ते पक्के लिंगायत. गळ्यात शिवदोऱ्याला चांदीची छोटी डबी, डबीत इष्टलिंग. लहानपणी दीक्षा झाल्यापासून ते अंगावरून कधी उतरलं नव्हतं. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, पूजा करायची, आणि मगच पाण्याचा पहिला घोट. चाटी गल्लीतलं चादरींचं दुकान त्यांनी या नेमाला सांभाळून चालवलं, आणि दुकान बंद केल्यावर नेमच दुकानासारखा चालवला.

त्या दिवशी पाइप हातात असतानाच शिवदोरा तुटला. दोराच तो, झिजला होता. ईश्वरप्पांनी डबी अंगातल्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. छातीपाशीच की, अंगावरच म्हणायचं. नवा दोरा पाणी भरून झाल्यावर ओवू असं ठरवलं. तेवढ्यात पाइप नळावरून निसटला आणि ईश्वरप्पा डोक्यापासून भिजले.

"अहो, ती बंडी काढा आधी, न्युमोनिया होईल!" गिरिजाबाई टाकीवरून ओरडल्या. बाहेर चाळिशीच्या वर ऊन होतं. पण त्यांचं काळजी करण्याचं वेळापत्रक ऋतू बघून चालत नसे.

ईश्वरप्पांनी बंडी काढून दोरीवर टाकली. खिशातलं काही लक्षात ठेवायची त्यांना सवयच नव्हती. जे सत्तर वर्षं गळ्यात असतं, ते माणूस लक्षात कशाला ठेवील? आणि अक्षतानं इतरांचे सगळे खिसे तपासले, पण त्या बंडीचा तपासला नाही, कारण मामांच्या खिशात कधी काही नसतं हे तिला ठाऊक होतं. ओल्या कपड्यांबरोबर बंडी आत गेली. काचेचं दार लागलं. भुवी समोर बसली.

आंघोळ करून ईश्वरप्पा पूजेला बसले. हात गळ्याकडे गेला. तिथंच थांबला.

घरात शांतता झाली, म्हणून मशीनचा आवाज ऐकू आला. टक्. मग जरा वेळानं पुन्हा टक्. प्रत्येक टक्‌ला भुवी टाळी वाजवत होती.

"अक्षता," ईश्वरप्पा म्हणाले, "माझी बंडी कुठं आहे?"

अक्षतानं काचेकडे बघितलं. ती धावली आणि मशीनचं बटण दाबलं. मशीन थांबलं, आतलं पाणी बाहेर टाकायला घुरघुरलं, पुन्हा घुरघुरलं, आणि मग त्यानं नाद सोडला. काचेवर कुलपाचं लाल चिन्ह लागलं. शिट्टी वाजली. आत पाणी तसंच, कपडे तसेच, आणि कपड्यांत बंडी.

अक्षतानं दार ओढलं. मग जोरात ओढलं. मोबाइलवर निरोप आला की मशीनमध्ये बिघाड आहे, सुरक्षिततेसाठी दार बंद केलं आहे, कृपया स्वतः काही करू नये.

"मामा, माझ्यामुळं…" तिनं दाराची कड अजून सोडली नव्हती.

"तुझ्यामुळं कसं? बंडी मी काढली." ईश्वरप्पा काचेपाशी वाकले, आत बघितलं आणि सरळ झाले. "आहे. हरवलेलं नाही. उघडलं की करू पूजा."

"तोवर निदान पाणी तरी…"

"उघडलं की."

ईश्वरप्पांना साखरेचा त्रास होता. सकाळच्या गोळीलाही पाणी लागतं, आणि गोळीवर जेवण लागतं. पूजा नाही म्हणजे पाणी नाही, गोळी नाही, जेवण नाही. ते ओट्यावर जाऊन पेपर वाचत बसले, जसं कुणी स्टँडवर गाडीची वाट बघत बसतं.

गिरिजाबाईंनी बराच विचार करून सुचवलं, "काचेतून दिसतंय की. बाहेरूनच नाही का करता येत?"

"तळहातावर घेऊन करायची पूजा ती. काच मधे घेऊन करायची म्हणजे बँकेच्या खिडकीसारखं."

"मग मठातून दुसरं आणूया?"

"ज्याचं हरवतं त्याला दुसरं देतात. माझं आत बसलंय."

गिरिजाबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी भाकऱ्या थापल्या, शेंगाची चटणी काढली आणि सगळं झाकून ठेवलं. यजमान जेवल्याशिवाय त्यांच्याही घशाखाली उतरणार नव्हतं. अक्षताही ताटावरून उठायला लागली, तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "तिला म्हणावं जेव. लेकरू पितंय तिचं." तिनं भिंतीकडे तोंड करून एक भाकरी खाल्ली. वाळूसारखी लागली.

कंपनीला फोन तिनंच लावला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक गोड मुलगी बोलली. अक्षतानं सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "आत कोणती वस्तू आहे म्हणालात, मॅम?"

"देव," अक्षता म्हणाली. दुसरं काय सांगणार?

मुलीनं क्षणभर टाइप केलं. "ओके मॅम, मौल्यवान वस्तू असं लिहिते. आमचे इंजिनिअर आजच येतील. तोवर मशीनला हात लावू नका, वॉरंटी जाईल."

मोबाइलवर नकाशा उघडला. मानसिंग नावाचा इंजिनिअर निघाला होता. निळा ठिपका सर्व्हिस सेंटरमधून हलला, चौकात आला, आणि पुणे रस्त्याला लागला. अक्षता बघत राहिली. त्यांचं घर पुणे रस्त्याला नव्हतं. ठिपका गावाबाहेर पडला. तिनं मानसिंगला फोन लावला, तर गाडीवर असल्यामुळं तो उचलेना.

दुपार चढली तसा गुरुराज आला, शनिवार म्हणून अर्ध्या दिवसानं. त्याला फोनवर सगळं कळलेलंच होतं. चप्पल काढताकाढता त्यानं विचारलं, "कुणी हात नाही ना लावला?" वॉरंटी त्यानं वाढवून घेतली होती आणि ती पाच वर्षांची होती. गुरुराजच्या स्वभावात पाच वर्षं टिकणाऱ्या गोष्टींबद्दल आदर होता.

"मामांनी पाण्याचा थेंब घेतलेला नाही," अक्षता म्हणाली.

"इंजिनिअर कुठं पोचला?"

ती काही सांगायच्या आतच तिच्या वडिलांचा फोन आला. "अक्षू, अगं दुकानात मशीन दुरुस्तीचा माणूस आलाय. मी म्हणलं, मशीन तर सोलापूरला हाय. तो म्हणतो, न्हाय, हितंच हाय. मला वाटलं, तुमी परत धाडलं की काय!"

सगळं तिथं उलगडलं. मशीन मोडनिंबला घेतलेलं, पावती बसलिंगप्पांच्या नावाची, पत्ता त्यांच्या दुकानाचा. कंपनीच्या लेखी मशीन मोडनिंबला होतं, गेलं वर्षभर.

"त्याला इकडं धाडा, दादा. लवकर."

"धाडतो की. पोहे खाऊ दे त्याला. उन्हातनं आलाय बिचारा."

मानसिंग पोचला तेव्हा ईश्वरप्पा आडवे झाले होते. पेपर तोंडावर होता. ओठ कोरडे पडून पांढरे दिसत होते. गिरिजाबाई शेजारी पंखा घालत बसल्या होत्या आणि कधी नव्हे ते काहीच बोलत नव्हत्या. अक्षताला त्याचीच जास्त भीती वाटली.

मानसिंग सांगोल्याकडचा, तिशीतला, घामानं निथळलेला. हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात बसलिंगप्पांनी नातीसाठी दिलेली डाळिंबं. त्यानं मशीन बघितलं, मोबाइल काढला, मशीनला लावला. मोबाइल टुंग वाजला. त्यानं पुन्हा लावला.

"काय झालं?" गुरुराजनं विचारलं.

"दार माझ्या मोबाइलवरनं उघडतंय, साहेब. पण हे म्हणतंय, मशीन मोडनिंबला पायजे. हितं उघडणार न्हाय."

"मग पत्ता बदला!"

"बदलतो की. अर्ज टाकला की दोन दिसांत बदलतोय. उद्या रविवार, म्हणजे मंगळवार धरा."

"पान्यानं नाही का उघडत?"

"उघडतं की. दहा मिनिटांचं काम हाय. पण मी झाकण उघडलं तर हे वर कळवतंय, की ह्या माणसानं परवानगीशिवाय उघडलं. मग माझं कार्ड बंद, म्हंजे काम बंद. मागच्या महिन्यात एकाचं झालंय." त्यानं मशीनकडे बघितलं, जसं चुगलखोर शेजाऱ्याकडे बघतात. "माझा लई जीव तुटतोय साहेब, पण अधिकार न्हाय."

पेपर बाजूला झाला. ईश्वरप्पा उठून बसले. आवाज घोगरा झाला होता, पण दुकानदाराचाच होता.

"चाळीस वर्षं चादरी विकल्या मी. विकली की गिऱ्हाइकाची. मग त्यानं अंथरावी, पांघरावी, फाटली तर घरी शिवावी, नाहीतर मधे कापून दोन भावांनी वाटून घ्यावी. मी कधी कुणाच्या घरी माणूस धाडला नाही, की सुई ठेव खाली म्हणून."

"व्हय बाबा," मानसिंग म्हणाला. "पण चादरीत मोबाइल नव्हता."

"तेच सांगतोय."

गुरुराजनं कपाळ पुसलं. "अप्पा, मी उघडतो. जाऊ दे वॉरंटी."

पाच वर्षांची वॉरंटी जाऊ दे म्हणायला त्याला काय लागलं असेल ते अक्षताला कळलं, आणि नवरा तिला एकदम फार आवडला. पण ईश्वरप्पांनी हात वर केला आणि तोंडून आधी कानडी निघालं.

"बेड. नको. सुनेच्या माहेरची वस्तू माझ्यासाठी मोडायची नाही. उद्या व्याही म्हणतील, लेकीला मशीन दिलं, सासऱ्यानं फोडून खाल्लं. मंगळवार म्हणजे मंगळवार."

"मंगळवारपर्यंत तुम्ही राहाल का?" गिरिजाबाई इतक्या वेळानं बोलल्या आणि त्यांचा आवाज फाटला.

"राहू की."

आणि ते खरंच तसं बसून राहिले असते. अक्षता त्या घरात तीन वर्षं होती. मामा एकदा बसले की बसले. तिनं भुवीला कडेवरून उतरवलं आणि मानसिंगच्या मांडीवर दिलं, कारण त्या खोलीत त्याच्याइतकं रिकामं दुसरं कुणी नव्हतं.

"मामा, मशीन कुणाचं?"

"तुझ्या वडिलांचं."

"वडिलांनी मला दिलं. मशीन माझं आहे." लग्नानंतर 'माझं' हा शब्द तिनं या घरात आजवर फक्त चष्म्याबद्दल वापरला होता. "मोडत नाही मी त्याला. उघडते. माझं मी उघडायला मला कुणाचा पत्ता लागत नाही."

ईश्वरप्पांनी सुनेकडे बघितलं. मग बायकोकडे. मग पुन्हा पेपर उचलला. "मालकच म्हणतो तर मी कोण," ते पेपरामागून म्हणाले.

अक्षता मशीनच्या मागं गेली. स्क्रूंना नेहमीसारखी खाच नव्हती, तीन कोनांचं भोक होतं. घरातला पेचकस त्यात बसेना. ती मानसिंगकडे वळली. "तुमच्या पिशवीत याचा पेचकस आहे?"

"हाय."

"तो कंपनीचा की तुमचा?"

"कंपनी काय देतीय? माझ्या पैशाचा हाय."

"मग मला द्या. तुम्ही बाळाला धरा."

मानसिंगनं पिशवी पायानं तिच्याकडे सरकवली आणि मशीनकडे पाठ करून बसला. भुवीनं त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं. तो भुवीला म्हणाला, "तुला एक गोष्ट सांगू का ताई? एक मशीन होतं. त्या मशीनच्या आईनं पैल्यांदा भिंतीतली पिन काढली."

गुरुराजनं पिन काढली.

"मग खालची पट्टी काढली. तितं एक गोल झाकण होतं. ते झाकण लई हळू फिरवायचं, न्हायतर काय हुतं? पूर येतोय!"

भुवी हसली. गिरिजाबाई ताडकन उठल्या. आत पाण्याच्या दिवसाचं पाणी होतं, आणि ते फरशीवर जाऊ देण्याइतकी त्यांची शुद्ध हरपलेली नव्हती. परात आली, ताट आलं, पोह्याचा डबा रिकामा होऊन आला. अक्षता झाकण थोडं फिरवायची, पाणी परातीत यायचं, गुरुराज बादलीत ओतायचा. "हे संडासाला. हे पण संडासाला," गिरिजाबाई सांगत होत्या. झाकण पूर्ण निघालं तेव्हा भोकातून काहीतरी पिवळं लोंबत होतं. अक्षतानं ओढलं. भुवीचा मोजा.

"म्हणजे मशीन देवामुळं नाही बिघडलं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मी कधी म्हटलं होतं?" पेपर बोलला.

"गोष्ट संपली का हो?" अक्षतानं विचारलं. दार अजून लाल होतं.

"संपतीय कशी? मग भुवीताई, मागचे स्क्रू काढून वरचं झाकण मागं सरकवलं. आणि वरनं हात घातला, पुढच्या बाजूनं, सरळ खाली. तितं दाराच्या कुलपाला एक कडी असतीय. ती बोटानं अशी ओढायची."

आधी गुरुराजनं हात घातला. तो कोपरापर्यंत गेला आणि अडकला. लग्नाच्या वेळी तो नक्की गेला असता. मग अक्षतानं बांगड्या वर सारल्या आणि स्टुलावर चढली. आत तारा होत्या, कसली तरी लोखंडी धार होती, काही दिसत नव्हतं. रात्री अंधारात भुवीचं पांघरूण शोधतो तसं तिनं बोटांनी शोधलं. काहीतरी बारीक लागलं. तिनं ओढलं.

कट् असा आवाज झाला आणि गोल दार आपणहून दोन बोटं उघडलं.

कुणी पुढं झालं नाही. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो. अक्षता स्टुलावरून उतरून बाजूला उभी राहिली. गुरुराजनं वडिलांना दंडाला धरून आणलं. ईश्वरप्पा मशीनसमोर गुडघ्यांवर बसले, भुवी बसायची तिथंच, आणि दंडापर्यंत हात आत घातला. लंगोट बाहेर आले, झबली आली, गिरिजाबाईंचं लुगडं आलं. मग बंडी आली. त्यांनी खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

गिरिजाबाईंनी भिंत धरली.

ईश्वरप्पांनी पुन्हा हात घातला. दाराच्या कडेला रबराची जाड घडी असते, त्या घडीतून बोटं फिरवत गेले. अगदी खाली, साबणाच्या फेसात, हात थांबला. बाहेर आला तेव्हा मुठीत डबी होती. त्यांनी ती उघडली. काळं, गुळगुळीत, होतं तसं.

ईश्वरप्पांनी मूठ कपाळाला लावली आणि तशीच ठेवली. खांदे एकदा हलले. मग ते म्हणाले, "अभिषेक झाला म्हणायचा. साबणासकट."

त्यांनी पुन्हा आंघोळ केली. भरलेल्या पाण्याबद्दल गिरिजाबाईंनी चकार शब्द काढला नाही. नव्या दोऱ्यात डबी ओवली. तळहातावर लिंग घेऊन पूजा झाली, नेहमीइतकीच सावकाश. अक्षता तांब्या घेऊन दारात उभी होती आणि प्रत्येक मंत्र तिला लांब वाटत होता. शेवटी त्यांनी तांब्या घेतला. वरून पाणी घेताना नरड्याचा मणी खालीवर होत राहिला, आणि ती तो बघत राहिली, भुवीला दूध पिताना बघते तशी.

जेवायला मानसिंगलाही बसवलं. तो म्हणाला, "मोडनिंबला पोहे झालेत," आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवण चालू असताना गुरुराजचा मोबाइल वाजला. त्यानं वाचून दाखवलं: मशीन अनधिकृतपणे उघडल्याचं आढळलं असून वॉरंटी संपली आहे.

"पीडा गेली," ईश्वरप्पा म्हणाले आणि चटणीवर तेल मागितलं.

"आता हे चालू कसं करायचं?" अक्षतानं मानसिंगला विचारलं.

"पत्ता बदलला की मी येऊन चालू करतो. अर्जात मालकाचं नाव काय टाकू?"

"अक्षता गुरुराज हलसंगी," ती म्हणाली. मग म्हणाली, "नुसतं अक्षता टाकलं तरी चालेल."

"आडनाव लागतंय, ताई."

"मग टाका."

मानसिंग गेला. ओल्या कपड्यांचा ढीग परातीत राहिला होता. भुवी डाळिंब घेऊन झोपी गेली होती, तेव्हा अक्षतानं एक एक करून पिळायला घेतले. लंगोट झाले, बंडी झाली. तळाला सोलापुरी चादर निघाली, पाणी पिऊन म्हशीएवढी जड झालेली. एकटीनं ती उचलत नव्हती.

मागून ईश्वरप्पा आले. जेवून त्यांच्या तोंडावर रंग परत आला होता. त्यांनी चादरीचं दुसरं टोक उचललं.

"मामा, तुम्ही पडा जरा. मी करते."

"धर घट्ट," ते म्हणाले. "मी उजवीकडं फिरवतो, तू डावीकडं. दोघांनी एकाच बाजूला फिरवलं तर पिळत नाही."